बिगल्सच्या विमानकथा : कुमारांसाठी लिहिण्याचा एक धडा

तीन वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या निर्लेखन समितीवर मी होते. निर्लेखन म्हणजे जुनी, फाटकी, वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके दप्तरातून कमी करून रद्दीत काढणे. यादी तयार होऊन आली, तिच्यावर तीन सह्या व्हायच्या होत्या, त्यांतली दुसरी माझी. तिसऱ्या पानावर एका ओळीत 'बिगल्स, इंग्रजी, बालवाङ्मय, प्रती ३१' एवढीच नोंद होती. मी सही केली. पुस्तके पाहिली नाहीत. रात्री घरी स्वयंपाक करताना एकदम ग्वाल्हेरच्या मामांचे कपाट डोळ्यांपुढे आले आणि आपण काय करून आलो ते कळले.

मामा महालेखापाल कार्यालयात कारकून होते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे जायचो. महाराजपूरच्या हवाई तळावरून उठणारी विमाने घरावरून गेली की भांडी थरथरायची आणि मामी दरवेळी "मेली ही विमानं" म्हणायच्या. मामा मात्र बोट वर करून, विमान दिसेनासे होईपर्यंत उभे राहायचे. त्यांच्याकडे जुन्या बाजारातून घेतलेली बिगल्सची दहा-बारा पुस्तके होती. इंग्रजी मला फारसे येत नव्हते; मामा वाचायचे आणि वाचता वाचता मराठीत सांगायचे. कथानायक जर्मन विमानाच्या शेपटीला लागला की मामांची मान मागे वळायची, जणू त्यांच्याही मागे कोणी लागले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयात गेले. एकतीसपैकी एकोणीस प्रती अजून गठ्ठ्यात होत्या. रद्दीच्या भावाने पैसे भरून, रीतसर पावती घेऊन त्या घरी आणल्या. हा लेख त्या एकोणीस पुस्तकांच्या फेरवाचनातून, आणि नंतर त्यांतले काही वर्गात नेऊन पाहिले त्यातून झाला आहे. शिक्षक आणि कुमारांसाठी लिहू पाहणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे आहेत, म्हणून समीक्षेच्या परिभाषेत फार शिरत नाही.

या कथांचा लेखक विल्यम अर्ल जॉन्स. जन्म १८९३, इंग्लंडमधल्या हर्टफर्ड परगण्यातला, मृत्यू १९६८. मुखपृष्ठावर तो 'कॅप्टन डब्ल्यू. ई. जॉन्स' म्हणून मिरवतो, पण हा हुद्दा त्याला कधी मिळालेला नव्हता. हवाई दलातून तो फ्लाइंग ऑफिसर म्हणून बाहेर पडला. 'कॅप्टन' ही त्याने स्वतःच स्वतःला दिलेली बढती. हे प्रथम वाचले तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले. आता वाटत नाही. त्याचे बाकीचे आयुष्य बनावट नव्हते. युद्धापूर्वी तो आरोग्य निरीक्षक होता, म्हणजे लोकांची गटारे आणि सांडपाणी तपासणे हे त्याचे काम. पहिल्या महायुद्धात आधी पायदळी खंदकांतून गॅलिपोली आणि सलोनिका पाहिले, १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये बदली मागून घेतली. नवशिक्यांना विमान शिकवण्याचे काम केले. त्या काळात इंजिने बंद पडून तीन दिवसांत तीन विमाने त्याच्या हातून मोडली, असे त्याच्या चरित्रात येते. मग १९१८ च्या उन्हाळ्यात तो फ्रान्समध्ये एका दिवसा बाँबफेक करणाऱ्या तुकडीत दाखल झाला आणि १६ सप्टेंबर १९१८ रोजी मानहाइम शहरावरच्या मोहिमेत त्याचे विमान पाडले गेले. मागच्या आसनावरचा निरीक्षक ठार झाला. जॉन्स युद्धकैदी झाला. प्रत्यक्ष लढाईचा त्याचा अनुभव असा काही आठवड्यांचाच आहे, आणि तोही बाँबफेकी विमानातला. बिगल्स ज्या कॅमल जातीच्या लढाऊ विमानात बसतो, त्यातली झुंज लेखकाने स्वतः केलेली नाही. ऐकलेले, पाहिलेले आणि भोगलेले यांची सरमिसळ त्याने कशी केली हे पाहणे लिहिणाऱ्याला फार उपयोगाचे आहे.

बिगल्सची पहिली कथा एप्रिल १९३२ मध्ये 'पॉप्युलर फ्लाइंग' या मासिकात आली. मासिकाचा तो पहिलाच अंक, आणि संपादक स्वतः जॉन्स. कथेचे नाव 'द व्हाइट फोकर'. त्याच वर्षी या कथांचा पहिला संग्रह निघाला, 'द कॅमल्स आर कमिंग'. वर्ष लक्षात ठेवावे असे आहे. १९३२ च्याच ८ ऑक्टोबरला भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पिशवी घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले. पुढे काही वर्षांतच होळकर संस्थानाने इंदूरला विमानांसाठी धावपट्टी केली. म्हणजे बिगल्स कागदावर उडू लागला तेव्हा आपल्याकडेही आकाशाकडे बोट दाखवणारी मुले तयार होत होती. मामांचे वडील त्यांतलेच एक असावेत.

'पॉप्युलर फ्लाइंग' हे मुलांचे मासिक नव्हते. विमानांत रस असलेली मोठी माणसे, त्यांत युद्धातून परतलेले वैमानिक, ते वाचत. म्हणून पहिल्या कथेतला बिगल्स आपण पुढे ओळखतो तसा हसतमुख शूर नाही. अंगाने किरकोळ, मुलीसारखे नाजूक हात, आणि ते हात सतत गळ्याशी चाळा करणारे. नजर एका जागी ठरत नाही. किती माणसे मारली याचा हिशेब त्याच्या डोक्यात गोंधळलेला आहे. वय म्हणाल तर विशीही नाही. जॉन्सने त्याला जवळजवळ मोडायला आलेला मुलगा म्हणून उभा केला. पुढे वाचक मुले आहेत हे प्रकाशकांच्या लक्षात आल्यावर हे हात हळूहळू स्थिर होत गेले. मामा सांगत ते या स्थिर हाताच्या बिगल्सबद्दल. थरथरणारा बिगल्स मला पन्नाशीनंतर भेटला, आणि मला तोच अधिक खरा वाटतो.

मुलांसाठी म्हणून काय काय बदलले याचे एक उदाहरण इंग्रजी बालसाहित्याच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. याच संग्रहातल्या एका कथेत दोन तुकड्यांत शत्रूचे निरीक्षण-बलून पाडण्याची पैज लागते आणि बक्षीस असते व्हिस्कीची पेटी. १९५० नंतरच्या आवृत्तीत व्हिस्कीचे लेमोनेड झाले. युद्धभूमीवरचे, उद्या सकाळी जिवंत असू की नाही हे माहीत नसलेले तरुण लेमोनेडच्या पेटीसाठी जीव धोक्यात घालतात! वर्गात हे सांगितले की हशा पिकतो. पण मग मी विचारते, तुमच्या धाकट्या भावासाठी तुम्ही ही कथा मराठीत आणली तर काय लिहाल? मागे एकदा या प्रश्नावर अर्धा तास भांडण झाले. एक मुलगा म्हणाला, सरळ 'दारू' लिहावे. एक मुलगी म्हणाली, 'बक्षीस' एवढेच लिहावे आणि पेटी उघडूच नये. मला तिचे उत्तर आवडले. खोटे न बोलता गप्प कसे राहावे हे कुमारसाहित्यात फार वेळा लागते, आणि लेमोनेड लिहिणाऱ्याला ते साधले नाही.

आता या कथांतला खरा रस. माझ्या मते तो शौर्यात नाही, यंत्रात आहे. सॉपविथ कॅमल हे लाकूड, तारा आणि कापड यांचे विमान. पुढे दोन मशिनगन. त्यांच्यावरच्या उंचवट्यामुळे 'उंट' हे नाव. आजच्या इंजिनात मधला दांडा फिरतो आणि सिलिंडर जागेवर राहतात. कॅमलच्या इंजिनात उलटे होते : दांडा विमानाला पक्का, आणि सगळी सिलिंडरे पंख्यासकट गरगर फिरणार. एवढे वजन नाकाशी फिरत असल्याने विमान उजवीकडे झटकन वळे आणि वळताना नाक खाली घाली. डावीकडे वळायला वेळ घेई आणि नाक वर उचले. ज्याला हे जमले त्याच्या हातात ते हत्यार, ज्याला नाही जमले तो धावपट्टीजवळच्या शेतात गेला. शिकतानाच कित्येक मुले त्यात मेली. इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल घालत, आणि ते जळके एरंडेल सतत वैमानिकाच्या तोंडावर उडत राही. सिनेमात दिसतो तो पांढरा रेशमी रुमाल ऐटीसाठी नसे. दर क्षणी मान मागे वळवून मान सोलवटे, म्हणून रेशीम. आणि चष्म्यावरचे तेल पुसायलाही तेच. ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट दिले गेले नाही. बलूनमधल्या निरीक्षकांना मात्र ते मिळे.

ही माहिती मी सांगते तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी एरंडेलावर माना वर होतात. आमच्या पिढीला रविवारी सकाळी नाक दाबून पाजलेले एरंडेल आठवते; मुलांना आजीच्या तोंडून ऐकलेले. आकाशातल्या वीराच्या तोंडाला एरंडेलाचा वास येतो हे कळल्यावर तो वीर एकदम आपल्या अंगणात उतरतो. जॉन्सला हे पक्के ठाऊक होते. तो मोठी वर्णने करत नाही. एक वास, एक आवाज, हाताला लागलेली एक थंड वस्तू, आणि पुढे चालू. वैमानिकांचे खास शब्द तो तसेच वापरतो आणि पानाच्या तळाशी दोन शब्दांत अर्थ देतो. विमानविरोधी तोफांच्या माऱ्याला तेव्हाचे वैमानिक 'आर्ची' म्हणत. जॉन्स एकदा तळटीप देतो, मग पुस्तकभर 'आर्ची' चालतो. मुलगा तिसऱ्या कथेपर्यंत त्या टोळीतला होतो. शब्द सोपे करून दिले असते तर तो बाहेरच राहिला असता.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एका सत्रात मी कॅमलच्या उड्डाणाचा प्रसंग स्वतःच्या मराठीत लिहायला दिला. एका विद्यार्थ्याने लिहिले : 'इंजिन मिसिंग मारायला लागलं.' मी लाल शाईने खोडून वर 'यंत्रात बिघाड निर्माण झाला' असे लिहिले. तो काही बोलला नाही. तास संपल्यावर शांतपणे येऊन म्हणाला, "मॅडम, बिघाड तर कशातही होतो. मिसिंग म्हणजे एक ठोका चुकतो, मग दुसरा. बाबांच्या गॅरेजमध्ये आवाजावरून कळतं." त्याच्या वाक्यात आवाज होता. माझ्यात कार्यालयीन अहवाल होता. कॅमलचे इंजिन हळू करायची सोय फारशी नसे. उतरताना वैमानिक एका बटणाने ठिणगीच तोडे आणि पुन्हा जोडे, त्यामुळे उतरणारे विमान अडखळत, खोकत आल्यासारखे ऐकू येई. याला 'बिघाड' हा शब्द पुरत नाही. मी माझी दुरुस्ती खोडली आणि त्याचे दोन गुण परत दिले. चाळीस वर्षे मराठी शुद्ध लिहिण्याच्या नादात असे किती ठोके मी खोडले असतील, असे मनात आले.

मराठीची अडचण मुळातच वेगळी आहे. इंग्रजीला विमान आले तेव्हा त्यासाठी शब्द घडवावा लागला. आपल्याकडे शब्द आधीच तयार होता. पुष्पक विमान रामायणातले. तुकोबांना न्यायला आलेले विमान प्रत्येक कीर्तनात उतरते. त्या विमानाला इंजिन नाही, तेल नाही, वाऱ्याची भीती नाही. ते मनाच्या वेगाने जाते आणि बसणाऱ्याला पुण्य असले की पुरते. त्यामुळे 'विमान' म्हटले की मराठी वाक्य आपोआप तरंगू लागते. आमच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या खर्ड्यांत विमाने 'अवकाशात झेपावतात', 'गगनाला गवसणी घालतात'. एकही विमान खडखडत नाही. मी आता फळ्यावर आधी तीन प्रश्न लिहिते : पेट्रोल किती? वारा कुठून? अंधार केव्हा? त्यांची उत्तरे कथेत आली की पुष्पक आपोआप खाली उतरते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर बिगल्सचे काय करायचे हा जॉन्सपुढचा प्रश्न होता. शत्रू संपला, की वीर बेकार. १९४७ च्या 'सार्जंट बिगल्सवर्थ सी. आय. डी.' या पुस्तकात त्याने तोड काढली. बिगल्स स्कॉटलंड यार्डात दाखल होतो आणि विमानातून होणाऱ्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या खास तुकडीचा प्रमुख होतो. येथून विमानकथेला हेरकथेची जोड मिळते. या दोन जाती एकमेकींना सहज मानवत नाहीत. हेरकथेला बंद खोली हवी, मोजके संशयित हवेत, मागे वळून पाहण्याची सवड हवी. विमानकथेला उघडे आकाश हवे आणि थांबायला सवड नको. जॉन्सच्या युद्धोत्तर पुस्तकांपैकी बरीच म्हणूनच अर्धवट वाटतात. पहिली शंभर पाने तर्क, नंतरची शंभर पाठलाग. आमच्या गठ्ठ्यातली अशी सात पुस्तके मी नेटाने वाचली, तीन पूर्ण झाली नाहीत.

जिथे जमले तिथे मात्र सुरेख जमले आहे, आणि योगायोगाने ते पुस्तक आपल्या देशात घडते. 'बिगल्स इन द ओरिएंट' हे १९४५ चे. कलकत्त्याजवळचा डमडमचा तळ. भारतातून चीनकडे जाणाऱ्या मार्गावर विमाने एकामागून एक नाहीशी होत आहेत. हवा चांगली, इंजिने तपासलेली, शत्रू दिसत नाही. तरी विमान जाते आणि येत नाही. इथे बंद खोली म्हणजे विमानच. आत एकटा वैमानिक, खाली जंगल. तपासासाठी बिगल्सच्या तुकडीला त्याच मार्गावर स्वतः उडावे लागते, म्हणजे प्रत्येक पुरावा गोळा करायची किंमत एक जीव. उत्तर इथे सांगत नाही. ते यंत्रात नाही, माणसात आहे, एवढे पुरे. रहस्य कसे मांडावे हे शिकवायला मला याहून स्वच्छ उदाहरण सापडलेले नाही. पण याच पुस्तकातले कलकत्ता हे साहेबाने खिडकीतून पाहिलेले कलकत्ता आहे. तिथे आपण आहोत ते चहा आणणारे म्हणून, किंवा संशयित म्हणून.

या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाता येत नाही. जॉन्सच्या अनेक पुस्तकांत, विशेषतः दक्षिण समुद्रातल्या आणि आफ्रिकेतल्या कथांत, काळा माणूस म्हणजे भोळे मूल आणि मिश्र रक्ताचा माणूस म्हणजे हमखास कपटी, हा ठसा आहे. त्यापायी इंग्लंडमध्येही ही पुस्तके कपाटांतून काढावीत असा वाद झाला, पुढच्या आवृत्त्यांत काटछाट झाली. जॉर्ज ऑर्वेलने १९४० मध्ये मुलांच्या साप्ताहिकांवर एक लेख लिहिला होता. त्याचा मुद्दा असा की या स्वस्त गोष्टी वाचणाऱ्या मुलाला वाटते आपण फक्त गंमत वाचतो आहोत, पण जग कसे आहे आणि कोण कोणाच्या खाली आहे हे त्याच्या मनात तेवढ्यात बसून जाते. मला हा मुद्दा मान्य आहे, कारण माझ्या मनातही ते बसले होते. ग्वाल्हेरच्या गच्चीवर मी खेळायचे तेव्हा मी बिगल्स असायचे. खाली भाजी विकणारी बाई त्या खेळात 'नेटिव्ह' असायची. मी दहा वर्षांची होते आणि हा शब्द मला मामांनी नव्हे, पुस्तकाने दिला होता.

जॉन्सच्या बाजूनेही थोडे सांगायला हवे. १९३० च्या दशकात आपले सरकार हिटलरपुढे नमते घेत आहे आणि हवाई दल दुबळे ठेवत आहे, असे तो संपादकीयांतून सतत लिहीत राहिला आणि १९३९ मध्ये त्याचे संपादकपद गेले. युद्ध सुरू झाल्यावर मुलींसाठी त्याने वॉरल्स ही वैमानिक नायिका उभी केली. तिच्या गोष्टी १९४० पासून 'गर्ल्स ओन पेपर'मध्ये आल्या. वॉरल्सला कोणी वाचवायला येत नाही, ती इतरांना वाचवते. मामांच्या कपाटात वॉरल्स नव्हती. असती तर गच्चीवर मला मुलगा व्हावे लागले नसते. आणि बिगल्सचा जन्मजात वैरी, जर्मन हेर फॉन स्टालहाइन? १९५८ च्या एका पुस्तकात तो सखालिन बेटावरच्या कैदेत पडतो आणि त्याला सोडवायला बिगल्सच जातो. तेवीस वर्षे ज्याच्याशी वैर पोसले, त्याला लेखकाने शेवटी मित्र केला. जर्मन शत्रूला ही उदारता मिळाली. बेटावरच्या काळ्या माणसाला ती मिळाली नाही, हेही खरे.

एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, यात आपण कुठे आहोत?" तिला पुस्तकातली जागा नको होती, आकाशातली हवी होती. मी तिला इंद्रलाल रॉय यांच्याविषयी सांगितले. कलकत्त्यात १८९८ मध्ये जन्म, शिक्षण लंडनमध्ये, १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये. पहिल्या अपघातानंतर बरेच महिने उड्डाण बंद. १९१८ च्या जूनमध्ये परत आले आणि जुलैमध्ये दोन आठवड्यांत शत्रूची दहा विमाने पाडली. २२ जुलै १९१८ रोजी हवाई झुंजीत मारले गेले तेव्हा वय एकोणीस. मरणोत्तर डी. एफ. सी. हे पदक मिळाले, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. हरदित सिंग मलिक हे दुसरे नाव. ते तर प्रत्यक्ष कॅमलच उडवत. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण घालून. आता जॉन्सने बिगल्सचा जन्म कुठे घातला आहे पाहा : भारतात, १८९९ मध्ये. बाप इकडे सरकारी नोकरीत. १९६८ मध्ये आलेल्या 'द बॉय बिगल्स'मध्ये त्याचे इथले बालपण आहे, जंगल आणि वाघासकट. भारतात जन्मलेला, इंग्लंडमध्ये शिकलेला, सतराव्या-अठराव्या वर्षी लढाऊ विमानात बसलेला मुलगा. हे आयुष्य कल्पनेत बिगल्सचे आणि वास्तवात इंद्रलालचे. जॉन्सच्या पानांवर दोघांची भेट झाली नाही. झाली असती तर कशी झाली असती, ही कथा कोणीतरी मराठीत लिहावी.

आपल्या भाषेत या जातीचे काम ज्यांनी केले त्यांतले सर्वांत जवळचे नाव भा. रा. भागवत, जन्म इथलाच, इंदूरचा, १९१० चा. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला आणि फास्टर फेणे घडवला. फुरसुंगीचा बनेश फेणे विमानात बसो वा न बसो, सायकलवर तो कॅमलच चालवतो. भागवतांचे मोठेपण मला असे वाटते की त्यांनी इंग्रजी साहसकथेचा वेग घेतला आणि मालकी हक्क टाकून दिला. फेणे कोणाच्या देशात घुसत नाही. तो जिथे जातो तिथे कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी वर्गमित्र असतो. त्याचा 'ट्टॉक' हा आवाज कोणत्याही शब्दकोशात नव्हता, आणि प्रत्येक मुलाला तो काढता येत होता. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांचा वाचक वेगळा, थोडा मोठा. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर गेली, पण त्यांवर आपल्या विद्यापीठांत अजून पुरेसे काम नाही. त्यांचाही एखादा गठ्ठा कुठल्या तरी समितीच्या यादीत असेल.

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मला थेट विचारण्यात आले : मुलांना हे द्यायचे की नाही? मी उत्तर दिले ते असे. युद्धातल्या पहिल्या कथा आठवी-नववीला द्याव्यात, शक्यतो मूळ पाठातल्या, व्हिस्कीसकट, आणि शिक्षकाने बरोबर वाचाव्यात. दक्षिण समुद्रातल्या गोष्टी मी देणार नाही. त्यांत द्यावे असे फार काही नाहीच. कापून गोड केलेल्या आवृत्त्या तर मुळीच नकोत, कारण त्यांत लेखकाचे दोष झाकले जातात आणि मुलाला ते ओळखायची सवय लागत नाही. एका ज्येष्ठ बाईंना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मामा होते सांगायला. प्रत्येक मुलाला नसतो." त्यांच्या म्हणण्याला माझ्यापाशी उत्तर नाही.

शेवटी वर्गातला तो सराव सांगते, कुणाला वापरायचा असल्यास. कॅमल एका टाकीत सुमारे अडीच तास उडे, वेग ताशी साधारण १८० किलोमीटर धरू. ग्वाल्हेर ते इंदूर सरळ रेषेत अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. गुणाकार करा : वारा नसेल तर विमान शेवटच्या थेंबावर इंदूरला टेकते. आता समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा द्या. अडीच तासांत चारशेच होतात, आणि पेट्रोल संपते तेव्हा खाली मक्सी आणि देवास यांच्या मधली शेते असतात. विद्यार्थ्यांना एवढेच द्यायचे, आणि वैमानिक का निघाला हे त्यांनी ठरवायचे. कोणी औषध पाठवले, कोणी संस्थानचे गुप्त पत्र, एकाने चोरलेला हिरा.

'आपण कुठे आहोत' असे विचारणाऱ्या त्या मुलीची वैमानिक मुलगी आहे. इंजिन एक ठोका चुकते, मग दुसरा. ती काळ्या मातीत, उभ्या गव्हात उतरते. चाके रुततात, विमान नाकावर येते, तिच्या तोंडाला एरंडेलाची चव. गावातली माणसे जमतात. एक म्हातारा विमानाभोवती फिरून येतो आणि विचारतो, "बाई, गव्हाचे पैसे कोण देणार?" इथपर्यंत तिने लिहून आणले आहे. पुढचा भाग गुरुवारी देते म्हणाली.